बेळगाव भागातल्या नद्या पाहायच्या तर आधी पाणी बघा, मग ठिकाण

प्रश्न थोडक्यात असा: मूळ निपाणीचे, सध्या पुण्यात राहणारे कुटुंब. बरोबर दोन शाळकरी मुले आणि सत्तरीच्या आजी. काशीची गंगा पाहून झाली, आसामात ब्रह्मपुत्रेवर नावेतून फिरून झाले. आता गावाकडच्या नद्या, म्हणजे कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा, उगमापासून संगमापर्यंत पाहायच्या आहेत. 15 ऑगस्टला जोडून चार दिवस मिळतात, गाडी स्वतःची आहे. सुरुवात कुठून करावी, नावेची सोय कुठे होईल आणि लोकांचे काय चुकते?

चार दिवस सलग घेऊ नका, हे पहिले सांगणे. दोन दिवस पावसाळ्यात घ्या आणि दोन दिवाळीनंतर. या नद्यांचा वरचा भाग पावसात पाहण्याचा आहे, खालचा भाग पाणी निवळल्यावर. ऑगस्टच्या मध्यावर चारही दिवस काढलेत तर कणकुंबी आणि गोकाक छान होतील, पण चिकोडी-रायबागकडे रस्त्यात बसून राहाल. पूल पाण्याखाली, घाट पाण्याखाली आणि दिसते ते गढूळ लाल पाणी. उलट नोव्हेंबरात सगळे एकदम केलेत तर नरसोबाची वाडी, खिद्रापूर सुंदर दिसेल, पण गोकाकचा धबधबा म्हणजे उघड्या कातळावरून ओघळणारी दोन-चार धारांची रेघ. बहुतेक लोक आधी ठिकाण ठरवतात, मग सुट्टी बघतात. नदीच्या बाबतीत हा क्रम उलटा लागतो. आधी पाणी कुठे आहे ते बघायचे, मग तिकडे जायचे.

नावेचे आधीच सांगून टाकतो, कारण ब्रह्मपुत्रा पाहून आलेल्या माणसाची तीच अपेक्षा असते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांना हिमालयातले बर्फ उन्हाळ्यातही पाणी पुरवते. आपल्या नद्यांना फक्त पाऊस. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत वर्षाचे जवळजवळ सगळे पाणी वाहून जाते. बाकीचे महिने पात्रात जे पाणी दिसते ते धरणातून सोडलेले किंवा बंधाऱ्यामागे अडवलेले असते. दर काही किलोमीटरवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. त्याच्या खांबांच्या खाचांत पावसाळा संपला की बरगे, म्हणजे लोखंडी पत्रे, घालतात आणि मृगाच्या आधी काढतात. त्यामुळे उन्हाळ्यात नदी ही तुकड्यातुकड्यांची तळी होऊन जाते आणि पावसाळ्यात ती नाव सोडण्याजोगी नसते. दूरवर जाणारी प्रवासी नाव इथे चालत नाही, चालणारही नाही. ही नदी काठावरून, पुलावरून आणि घाटाच्या पायरीवरून पाहायची आहे. त्यात कमीपणा काही नाही. काठावरूनच कळतील अशा कितीतरी गोष्टी इथे आहेत.

पावसाळ्यातला पहिला दिवस कणकुंबीला द्या. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाच्या रस्त्याने साधारण 45 ते 50 किलोमीटर. खानापूर तालुक्यातले हे गाव म्हणजे मलप्रभेचा उगम. माउली देवीचे देऊळ आहे, बाजूला कुंड आहे. पण लोक कुंडाला नमस्कार करून पाच मिनिटांत परत फिरतात आणि खरी पाहण्याची गोष्ट तशीच राहून जाते. कणकुंबीच्या शिवारात सह्याद्रीचा पाणलोट दुभंगतो. कुंडातले पाणी पूर्वेला निघते, खानापूर, सौंदत्ती, रामदुर्ग करत सुमारे 300 किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावाजवळ उगम पावणारा कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो, म्हादईला मिळतो आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात उतरतो. दोन्हींमध्ये आहे ती नुसती थोडी उंचवट्याची जमीन. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक-गोव्यात एवढा मोठा वाद उभा राहिला तो याच भूगोलामुळे. पाणलोटाची रेषा इतकी नाजूक असल्यामुळेच एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्यात वळवण्याची कल्पना सुचली. म्हादई पाणीवाटप लवादाने 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला, तरी प्रश्न संपलेला नाही. मुलांना नकाशा हातात देऊन तिथेच उभे करा आणि विचारा, की इथे पडलेला थेंब कुठे जाईल. शाळेतल्या भूगोलात हा धडा इतका स्पष्ट कधी दिसत नाही.

तारखेबद्दल. जुन्या नक्षत्रांच्या हिशोबाने पुनर्वसूचा तरणा पाऊस 5-6 जुलैला लागतो, पुष्याचा म्हातारा 19-20 जुलैला. तरण्याची शेवटची आणि म्हाताऱ्याची पहिली चार-पाच दिवसांची झड या भागात सर्वांत जोरकस असते. तेव्हा कणकुंबीला जाऊ नका. धुके इतके असते की समोरचा ट्रक दिसत नाही, आणि चोर्ल्याच्या रस्त्यावर गोव्याची अवजड वाहतूक असते. झड ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी जा. ओढे भरलेले असतात आणि आभाळ अधूनमधून उघडते. आश्लेषा आणि मघा, म्हणजे जवळजवळ सगळा ऑगस्ट, सहसा यासाठी चांगला. जांबोटीच्या पुढे मोबाईलची रेंज भरवशाची नाही. पेट्रोल बेळगावातच भरून घ्या आणि नकाशा आधी उतरवून ठेवा.

इथे येणाऱ्यांना वज्रपोह्याचा धबधबाही पाहायचा असतो. तो म्हादईच्या खोऱ्यात, जांबोटीच्या जंगलात आहे. आजी आणि मुले बरोबर असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. पायवाट लांब, चिखलाची आणि निसरडी आहे, आणि भीमगड अभयारण्याचा परिसर लागून असल्याने वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात जंगलातल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली जाते, तेव्हा वाटेवरून परत पाठवतात. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झाले, सुमारे 190 चौरस किलोमीटरचे. बारापेडे गुहांत राहणाऱ्या दुर्मीळ वटवाघळांसाठी ते जगाच्या अभ्यासकांना माहीत आहे. त्यासाठी वेगळा, कोरड्या ऋतूतला दिवस आणि वनखात्याचा वाटाड्या हवा. जंगलाच्या कडेला उतरलात तरी जळवा लागतात. मोज्यांना मीठ किंवा भिजवलेली तंबाखू चोळा. निपाणीच्या माणसाला तंबाखूचे वेगळे सांगायला नको.

परतताना जांबोटीजवळ हब्बनहट्टी लागते. मलप्रभेच्या पात्रातच मारुतीचे देऊळ आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते, कळस तेवढा दिसतो किंवा तोही दिसत नाही. देऊळ दिसले नाही म्हणून हिरमुसू नका. ते गेलेले पाहणे हाच इथला पावसाळी देखावा आहे. उन्हाळ्यात पुन्हा आलात तर त्याच गाभाऱ्यात उभे राहून, पाणी कुठवर चढले होते त्या खुणा भिंतीवर बघता येतील. खानापूरहून चार-पाच किलोमीटरवर असोगा आहे, तिथे रामलिंगेश्वराचे देऊळ आणि खडकांतून वाहणारी मलप्रभा. आजींना बसायला ही जागा सर्वांत बरी. पाण्यात मात्र कुणी उतरू नये. वर कणकुंबीत ढग फुटला तर असोग्याला ऊन असतानाही पाणी चढते.

दुसरा पावसाळी दिवस घटप्रभेचा. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण गोकाकला जाऊन निराश होणारे लोक फार आहेत आणि कारण त्यांना कळत नाही.

गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर उंच, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून पडणारा. तो निव्वळ पावसावर अवलंबून नाही. वर हुक्केरी तालुक्यात हिडकलचे धरण आहे, 51 टीएमसीचे (टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्याखाली धूपदाळला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, तिथून कालवे निघतात. म्हणजे घटप्रभेचे पाणी आधी हिडकल भरते, मग कालव्यांत जाते, मग उरलेले धबधब्यावर येते. बेळगावात धो-धो पाऊस आहे म्हणून गोकाकला जाल आणि हिडकल निम्मेच भरलेले असेल तर धबधबा फिका असेल. पण यात एक खाच आहे. आंबोलीहून निघणारी, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येणारी हिरण्यकेशी हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते. तिच्यावर हिडकलसारखे मोठे धरण नाही. त्यामुळे आंबोली-आजऱ्यात सलग पाऊस झाला की हिडकलचे दरवाजे बंद असतानाही गोकाकला पाणी येते. तेव्हा निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघा: हिडकलमधून विसर्ग चालू आहे का आणि संकेश्वरला हिरण्यकेशी किती वाढली आहे. दोन्हींपैकी एक जरी होय असेल तर गोकाक गाठा.

मार्कंडेय नदीचा इथे संबंध नाही, हेही लक्षात ठेवा. बैलूरच्या बाजूला उगम पावून राकसकोपच्या जलाशयात थांबत, बेळगावची तहान भागवत ती पुढे येते खरी, पण घटप्रभेला मिळते ती धबधब्याच्या खालच्या अंगाला. तिचा स्वतःचा धबधबा गोडचिनमलकीला आहे. दोन टप्प्यांत पडतो, झाडीत लपलेला, आणि माझ्या मते मुलांना गोकाकपेक्षा तोच जास्त आवडेल. शेवटची वाट कच्ची आहे, पावसात लहान गाडी रुतते. गाडी गावात ठेवून चालत जा. बेळगावहून निघालात तर आधी गोडचिनमलकी, मग गोकाक, मग धूपदाळ हा क्रम सोयीचा.

गोकाकला कड्याच्या दगडाकडे नीट बघायला विसरू नका. सह्याद्री आणि निपाणी-चिकोडीचा दगड काळा, ज्वालामुखीचा बसाल्ट. गोकाकचा कडा त्याहून कितीतरी जुन्या, कलादगी गटातल्या वालुकाश्माचा आहे, थरांवर थर रचलेला, कडक, लालसर. वरचा थर कडक असल्यामुळेच काठ सरळ तुटतो आणि पाणी घसरत न येता पडते. धबधब्याशेजारी चालुक्यकालीन महालिंगेश्वराचे देऊळ आहे, पलीकडे 1885 च्या सुमाराची कापड गिरणी. 1887 मध्ये या पाण्यावर वीज तयार करून गिरणीला दिली, देशातल्या अगदी पहिल्या जलविद्युत प्रयत्नांपैकी हा एक. सुमारे 200 मीटर लांबीचा झुलता पूल या देवळाच्या आणि गिरणीच्या बाजूंना जोडतो. सुरक्षिततेसाठी तो अधूनमधून बंद असतो. तेव्हा त्याच्यावर सगळा बेत उभा करू नका. धबधब्याच्या माथ्यावरच्या कातळावर लोक फोटोसाठी जातात. शेवाळ आणि वरून अचानक वाढणारा विसर्ग या दोन गोष्टी तिथे एकत्र येतात. अपघात होतात ते बहुधा याच जागी. गोकाकात करदंट घ्या, डिंक आणि सुक्यामेव्याचे. प्रवासात दोन दिवस टिकते.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी: 'गोकाक रोड' हे स्थानक गोकाक शहरापासून दूर आहे. धबधब्यासाठी आणि धूपदाळसाठी घटप्रभा स्थानक बरे, तिथून रिक्षा आणि बस मिळते.

आता कृष्णा. हिची गोष्ट वेगळी. कणकुंबी किंवा गोकाकला पावसाचा अंदाज बघून जाता येते, कृष्णेला तसे नाही. चिकोडी-अथणीत पाऊस फारसा पडत नाही. अथणीला वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. कृष्णेला पूर येतो तो महाबळेश्वर, कोयना, चांदोली आणि राधानगरीच्या पावसाचा. डोक्यावर निरभ्र आकाश आणि पुलावरून पाणी, असे चित्र इथे दर एक-दोन वर्षांनी दिसते. बाहेरून आलेला माणूस इथेच फसतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. 11,574 क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिले की एक टीएमसी होते. हा आकडा पाठ ठेवला की बातम्यांना अर्थ येतो. कोयना 105 टीएमसीची, वारणा सुमारे 34 ची. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, प्रत्येकी 1,428 क्युसेकचे. धरण भरले की ते आपोआप उघडतात, कुणी निर्णय घ्यावा लागत नाही. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोचायला सुमारे एक दिवस लागतो, आणि सपाटीमुळे पुढे त्याची चाल आणखी मंदावते. तेव्हा आज कोयनेचा विसर्ग वाढला तर खाली कृष्णाकाठच्या यडूर-कुडचीकडे त्याचा परिणाम लगेच शोधू नका, पण दोन दिवसांनी तिथे पूल ओलांडायचा बेतही करू नका.

सीमाभागात रोजचा हिशोब अगदी सरळ केला जातो: शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून सुटणारे कृष्णेचे पाणी, अधिक दूधगंगेचे पाणी, बरोबर कल्लोळजवळची कृष्णा. पावसाळ्यात हे आकडे रोज वर्तमानपत्रांत येतात. बेरीज लाखाच्या आसपास गेली की कल्लोळ-यडूर, मांजरी-बावनसौंदत्ती हे बंधारे-पूल आणि कुडची-उगारचा पूल यांची आशा सोडावी. वेदगंगा-दूधगंगेवरचे पूल तर त्याच्याही आधी जातात: जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड. ही नावे निपाणीकरांना नवी नाहीत, पण पुण्यातून नकाशावरचा जवळचा रस्ता धरून येणाऱ्याला मोबाईल नेमक्या याच पुलांवरून नेतो. मोबाईलला पुलावर पाणी आहे हे माहीत नसते. उंच आणि भरवशाचा पूल म्हणजे अंकली-मांजरीचा. पूर बघायचाच असेल तर तिथून बघा, गाडी पुलाच्या अलीकडे लावून, कठड्यापासून लांब उभे राहून.

हमरस्त्यावरही भरवसा ठेवू नका. 2019 आणि 2021 च्या पुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली. निघण्याच्या सकाळी दोन पातळ्या बघण्याची सवय लावा: कोल्हापूरचा राजाराम बंधारा, इशारा 39 फूट, धोका 43, आणि सांगलीचा आयर्विन पूल, इशारा 40, धोका 45. राजाराम 39 च्या वर असेल तर कृष्णाकाठ त्या आठवड्यापुरता विसरा. गोकाकला मात्र जाता येईल, बेळगावहून.

म्हणून कृष्णेसाठी नोव्हेंबर घ्या. दिवाळी झाली की पाणी निवळते, बरगे पडतात, पात्र काठोकाठ भरून स्थिर होते, ऊस उभा असतो आणि गुऱ्हाळे सुरू झालेली असतात. सकाळी नरसोबाच्या वाडीला पोचा. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, दत्तपादुकांचे देऊळ आणि उतरत जाणारा घाट. पावसाळ्यात पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तो दक्षिणद्वार सोहळा. नोव्हेंबरात ते मिळणार नाही, पण पाणी कुठपर्यंत चढते हे घाटावर उभे राहून कळते. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर नदीपेक्षा रांग जास्त पाहाल. बासुंदी आणि कवठाची बर्फी तिथली.

तिथून खिद्रापूर. कोपेश्वराचे बाराव्या शतकातले देऊळ, शिलाहारांच्या काळातले, 48 खांबांचा स्वर्गमंडप आणि त्याच्या छताला मधोमध गोल उघडे आकाश. कृष्णा इथे देवळाला वळसा घालून जाते आणि पलीकडे कर्नाटकातले जुगूळ. एकच नदी, एकच शेती, दोन्ही काठांवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसे. सीमा पाण्याच्या मधून जाते, पण काठावर ती जाणवत नाही. जुगूळकडे जायला नावेचा विचार करत असाल तर आधी पाणी किती आहे ते नावाड्याला विचारा आणि त्याने नको म्हटले तर पुन्हा विचारू नका. मग कल्लोळ-यडूरकडे या. भोज-बारवाडच्या परिसरात वेदगंगेला पोटात घेऊन आलेली दूधगंगा इथल्या टापूत कृष्णेला मिळते. यडूरला काठावर वीरभद्राचे देऊळ आहे. दुपार इथे काढा. कुडची आणि उगार खुर्दच्या मध्ये रेल्वेही कृष्णा ओलांडते, मिरजेच्या गाडीतून ते दृश्य फार छान दिसते. मुलांना तेवढ्यासाठी एक छोटा रेल्वेप्रवास घडवायला हरकत नाही.

या पट्ट्यात पाण्यात पाय सोडून बसू नका. सांगलीपासून रायबाग-अथणीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. सकाळच्या उन्हात त्या वाळूवर पडलेल्या असतात, लांबून पाहायला सुंदर. फेब्रुवारीनंतर अंडी घालण्याच्या काळात आणि मे-जूनमध्ये पिल्ले निघताना मादी अंगावर येते. दुसरा धोका वाळू उपशाच्या खड्ड्यांचा. वरून पाणी गुडघाभर वाटते, पुढचे पाऊल डोहात पडते. तिसरा बंधाऱ्याखालचा. बरग्यांच्या फटींतून आणि वरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते, त्यात सापडलेला पोहणाराही पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढला जातो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाणी कितीही शांत दिसले तरी, कुणालाही उतरू देऊ नका.

चौथा दिवस मलप्रभेच्या खालच्या प्रवासाचा, आणि तो मोठा आहे. पहाटे निघा. एम. के. हुबळीला महामार्गालगत नदीच्या पात्रात बसवण्णांच्या पत्नी गंगांबिकेचा ऐक्यमंटप, म्हणजे समाधी, आहे. पुढे सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थ. मलप्रभा इथे डोंगर कापून अरुंद खिंडीतून बाहेर पडते आणि त्याच खिंडीत धरण बांधले आहे, सुमारे 37 टीएमसीचे. खिंड अरुंद म्हणून भिंत आखूड पुरली. हिडकलची भिंत दहा किलोमीटरच्या आसपास लांब आहे, तिच्याशी तुलना करून बघा. धरणाची जागा का निवडतात हे मुलांना दोन वाक्यांत कळेल. यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला प्रचंड गर्दी असते, त्या तारखा चुकवा. पुढे पट्टदकल, जिथे मलप्रभा उत्तरेकडे वळते आणि चालुक्यांनी तिच्या काठावर देवळे उभी केली. शेवटी कूडलसंगम. बेळगावहून सरळ गेलात तरी पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, तेव्हा आजींसाठी बागलकोटला किंवा बदामीला मुक्काम धरा.

नावांचे घोळ आधीच मिटवून ठेवा. सौंदत्ती दोन: एक यल्लम्माची, दुसरी रायबाग तालुक्यात कृष्णाकाठची बावनसौंदत्ती. हुबळी दोन: एम. के. हुबळी आणि मोठे हुबळी. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे. बसच्या पाट्या बहुधा कन्नडमध्येच असतात, अंकही काही वेळा कन्नड. चालकाला गावाचे नाव आणि तालुका दोन्ही सांगा. होळे म्हणजे नदी, हळ्ळ म्हणजे ओढा, नीरू म्हणजे पाणी, सेतुवे म्हणजे पूल, आणेकट्टू म्हणजे धरण. 'सेतुवे मेले नीरू इदेया?' म्हणजे पुलावर पाणी आहे का, एवढा एक प्रश्न पाठ करा. काठावरच्या पानटपरीवाल्याचे उत्तर मोबाईलच्या नकाशापेक्षा खरे असते.

हिवाळ्यात घटप्रभेकडे पुन्हा जाणे झाले तर धूपदाळच्या पक्षी अभयारण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवा. कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे तिथे उतरतात. सूर्योदयाला पोचा, नऊनंतर ते शेतांत पांगतात. दुर्बीण घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये गावी आलात तर हिडकलचे पाणी उतरल्यावर उघडे पडणारे हुन्नूरचे विठ्ठलमंदिर बघा. गाळ वाळलेला असेल तरच आत जा, वरून कोरडा दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत खचतो.

कूडलसंगमला पोचाल तेव्हा दुपार टळलेली असू द्या. नारायणपूर धरणाचे पाणी चढल्यावर बसवण्णांचे ऐक्यस्थळ वाचवण्यासाठी त्याच्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधली आहे. पुलावरून जाऊन पायऱ्या उतरल्या की तुम्ही पाण्याच्या पातळीखाली उभे असता. आजींना पायऱ्या जमणार नसतील तर त्यांना वर कठड्याशी बसवा. तिथून दोन्ही नद्या दिसतात. एका हाताला कणकुंबीहून आलेली मलप्रभा. दुसऱ्या हाताला महाबळेश्वरची कृष्णा, जिने वाटेत पंचगंगा, दूधगंगा आणि अलमट्टीजवळ घटप्रभाही घेतली आहे.